दुसऱ्यांदा तोललेली चांदी

हुपरीत चांदी दोनदा तोलत नाहीत.

माल काट्यावर चढला, आकडा स्थिरावला, देणाऱ्या-घेणाऱ्याने मान डोलावली की विषय संपला. समोरचा माणूस बसलेला असताना पुन्हा तोलायला घेणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. अशा दुसऱ्या तोलण्यावरून गावात ठरलेल्या सोयरिकी मोडल्या आहेत. पुढे नोटा फक्त लग्नाच्या आहेरात दिसू लागल्या, बाकी सगळे पैसे फोनवर आले, तरी रीत बदलली नाही. फोनवर 'जमा' असा मेसेज आला की तोलून झालं. पाहुण्यादेखत खातं उघडून बघायचं नाही.

मालन शेंडुरेनं आयुष्यभर ही रीत पाळली होती. त्या दिवशीही पाळली.

गिऱ्हाईक तरुण होतं. नाव वैभव, गाव करमाळ्याकडचं. बहिणीच्या लग्नाआधी पैंजणांचं दुकान टाकायचंय म्हणत होता. आधी दोनदा येऊन थोडा थोडा माल घेऊन गेला होता आणि पैसे चोख दिले होते. तिसऱ्या खेपेला त्यानं साडेचार किलो चांदी मागितली. मालनची मुलगी पद्मजा तेव्हा कोल्हापूरला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होती, पण आईनं तो प्रसंग इतक्यांदा सांगितला की पद्मजाला तो स्वतः पाहिल्यासारखा दिसायचा. काट्यावर पैंजणांचा ढीग. वैभवचा अंगठा फोनवर. आईच्या फोनच्या कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या काड्या गेल्या, परत आल्या. मग टिंग. बँकेच्या नावाखाली, आधीच्या सगळ्या खऱ्या मेसेजांच्या शेवटी, तशाच अक्षरांत एक नवा मेसेज. रक्कम जमा.

"आलं रे बाळा," मालन म्हणाली.

"बघून घ्या मावशी, खात्यात आलेत का."

"बघायचं काय त्यात? आलं की."

वैभवनं पिशवी बाजूला ठेवली, वाकला आणि तिच्या पाया पडला. "आशीर्वाद द्या मावशी. दुकान चालू दे."

"चालंल बघ. लई चालंल."

दिवेलागणीला मालननं खातं उघडलं. काहीच आलं नव्हतं.

ती चांदी मालनची नव्हती. हुपरीत कच्ची चांदी पेढीची असते, कारागिराची असते ती घडणावळ. माल विकला की चांदीची किंमत पेढीवर पोचवायची. त्याची लिखापढी नाही, जामीन नाही. जामीन म्हणजे कारागिराचा शिक्का. पैंजणाच्या फाश्यावर, म्हणजे कडीवर, खूण मारायचा बोटाएवढा पोलादी ठसा. मालनच्या शिक्क्यावर मोगऱ्याची कळी होती. ती कळी दिसली की सोलापूरपासून बेळगावपर्यंत कुणी चांदी घासून बघत नसे.

पेढीचे पायगोंडा शेठ वाईट माणूस नव्हते. "मालनबाई, तुमचा दोष न्हाई म्हणतोय मी," ते म्हणाले. "पण रीत हाय." मालननं कनवटीचा शिक्का काढून गादीसमोरच्या फळीवर उलटा ठेवला. चांदी भरेपर्यंत तो तिथंच राहायचा आणि पेढीवर येणारा-जाणारा प्रत्येकजण तो बघायचा. दुसऱ्या दिवसापासून मालन परक्या घरी, परक्या शिक्क्याच्या मालाला घुंगरं ओवायला जाऊ लागली.

बँकेनं सांगितलं, हा मेसेज आमचा नाही. पोलीस ठाण्यातला हवालदार तक्रार टिपून घेताना म्हणाला, "मेसेजवर विश्वास ठेवायचा नसतो मावशी. भायेर बोर्ड लावलाय की. वाचला न्हाई?" ठाण्यातले दोघे-तिघे हसले.

पद्मजा तेव्हा आईशेजारी उभी होती. पैसे गेले, शिक्का गेला, हसंही झालं. या सगळ्याचा तिला राग होताच. पण तिच्या मनातून जाईना ती वेगळी गोष्ट. पैसे बुडवायचे होते तर बुडवायचे. पाया कशाला पडला?

*

कोल्हापुरात राजारामपुरीत एका सायकल दुकानाच्या माडीवर पद्मजा आणि तिचा वर्गमित्र इक्बाल मुजावर यांनी खोली घेतली होती. खोलीत दोन टेबलं, एक सोल्डरिंगची कांडी आणि भंगारातून आणलेली मोजणीची यंत्रं. पद्मजानं आईचा फोन उघडून त्याच्या आतल्या नोंदी बाहेर काढल्या आणि महिनाभर त्यांच्याकडे बघत बसली.

कसं फसवलं ते पहिल्याच आठवड्यात कळलं. जुन्या फोनांसाठी अजून चालू ठेवलेल्या जुन्या नेटवर्कमध्ये एक भोक आहे. टॉवर फोनला विचारतो, तू कोण? फोन मात्र टॉवरला कधीच विचारत नाही. इमारतीचा वॉचमन पाहुण्याची ओळख विचारतो, पण वॉचमन खरा आहे का हे पाहुणा विचारत नाही, तसं. म्हणून कुणी पाठीवरच्या पिशवीत छोटासा लबाड टॉवर घेऊन आला, त्यानं खऱ्या टॉवरपेक्षा मोठा आवाज काढला, की आसपासचे फोन त्याला चिकटतात. काड्या जातात-येतात त्या याच वेळी. मग तो टॉवर पाहिजे त्या नावानं पाहिजे तो मेसेज टाकू शकतो. फोन बिचारा नाव बघून तो बँकेच्या खऱ्या मेसेजांच्या रांगेत लावतो. आणि लबाड टॉवरला चिकटलेल्या फोनला इंटरनेट मिळत नाही. म्हणजे मालननं त्या वेळी रीत मोडून खातं उघडलं असतं, तरी तिला फक्त गोल गोल फिरणारं चक्र दिसलं असतं. पद्मजानं हे आईला सांगितलं. आई म्हणाली, "चक्र दिसलं असतं तर थांबले असते की मी."

तो कोण होता, हे कळायला मात्र वेळ लागला.

प्रत्येक रेडिओयंत्राच्या पोटात क्वार्ट्झचा एक स्फटिक असतो. तो कापतो, थरथरतो, आणि त्याच्या थरथरीवर यंत्राचा सूर ठरतो. कारखान्यात एकाच साच्यातून निघालेले दोन स्फटिकही अगदी सारखे नसतात. प्रत्येकात खोट असते. यंत्र चालू केलं की स्फटिक तापत जातो आणि सूर हळूहळू सरकतो. किती सरकतो, कुठे वळतो, कुठे थांबतो याची एक रेघ काढता येते. ती रेघ माणसाच्या बोटाच्या ठशासारखी असते. दुसऱ्या कुणाची तशी निघत नाही. आणि फोनला टॉवरशी बोलायचं तर आधी त्याच्या सुराशी आपला सूर जुळवावा लागतो. मालनच्या फोननं तो जुळवला होता. मेसेज आल्यावरही वैभव समोर बसून चहा पीत होता, तेवढा वेळ फोन त्या सरकत्या सुरामागे सरकत राहिला होता आणि प्रत्येक पाऊल टिपून ठेवत होता.

"हा बघ," पद्मजा पडद्यावरची रेघ दाखवत इक्बालला म्हणाली. आधी सरळ, मग चढ, मग एका जागी चमत्कारिक उचकी. "हा तो."

"नाव नाही, गाव नाही. नुसती उचकी," इक्बाल म्हणाला. "आता काय, घरोघरी जाऊन विचारणार, उचकी लागती का म्हणून?"

"घरोघरीच."

यातून 'कसोटी' निघाली. साबणाच्या वडीएवढी डबी, वर दोन दिवे. तिचं तत्त्व लहान मुलालाही समजेल असं होतं. खऱ्या टॉवरचा सूर उपग्रहाच्या घड्याळाला बांधलेला असतो, तो सरकत नाही. पिशवीतल्या टॉवरचा सरकतो. आसपास सरकणारा टॉवर ऐकू आला की लाल दिवा, नाही तर हिरवा. दोन वर्षांत ती हुपरीच्या पेढ्यांवरून इचलकरंजीच्या कापड दुकानांत, सांगलीच्या हळदीच्या अडतीत, मग घाटावरच्या गावोगावी पोचली. लोक मेसेजकडे बघेनासे झाले, डबीकडे बघू लागले. कोर्टानंही तिची नोंद पुरावा म्हणून धरायला सुरुवात केली. सत्कार झाले. पद्मजा शाल घ्यायची, नारळ घ्यायची आणि घरी येऊन पहिल्यांदा संगणक उघडायची. प्रत्येक कसोटी ऐकलेला प्रत्येक सरकता सूर त्या संगणकाकडे पाठवत होती. शेकडो रेघा आल्या. उचकीची रेघ आली नाही.

आणि मग आली. एकाच दुपारी, एकाच डबीतून, पुन्हा पुन्हा. आवाज इतका मोठा की लबाड टॉवर डबीपासून हातभर अंतरावर असणार.

इक्बालनं त्या डबीच्या मालकाचं नाव काढलं. टेंभुर्णीच्या हायवेवरचं चांदीचं दुकान. मालक समाधान. फोटोत नव्या दुकानासमोर हार घालून उभा होता. मालननं फोटो बघितला आणि फोन परत दिला.

"वैभव," ती म्हणाली.

"आपलीच डबी विकत घेऊन आपल्यावरच तालीम करतोय," इक्बाल म्हणाला. "चोरानं कुलूप घरी आणून किल्ल्या घासून बघाव्यात तसं. चल, पोलिसांकडं. रेघ हाय, पत्ता हाय, कोर्ट मानतंय. आजच्या आज आत जाईल."

"आणि चांदी?"

"मिळंल की, निकाल लागल्यावर."

"तोवर शिक्का उलटा?"

इक्बालनं फोन खिशात घातला.

"मला तो आत जायला नको आहे इक्बाल. आधी नको. आधी त्याला 'जमा' वाचू दे."

*

इक्बालला भोक सापडलं ते त्याच आठवड्यात. तो धावतच माडीवर आला. "पद्मा, आपली कसोटी आंधळी आहे! स्फटिक आधीच तापवून एकाच तापमानाला कोंडून ठेवला तर सूर सरकणारच नाही. डबी त्याला खरा टॉवर समजेल. मी करून बघितलं. हिरवा!"

पद्मजाचा चेहरा बदलला नाही. इक्बालनं तिच्या टेबलाकडे बघितलं. तिथं चपात्या गरम ठेवायचा स्टीलचा डबा होता, झाकणातून दोन वायरी बाहेर आलेल्या.

"तुला ठाऊक होतं," तो हळू म्हणाला. "कधीपासून?"

"महिना झाला."

"महिना! आणि दुरुस्ती? डब्यांना आसपासच्या टॉवरांच्या दिशा शिकवल्या की भोक बुजतंय. दोन दिवसांचं काम. लोकांनी खाती बघायची सोडलीत आपल्या हिरव्या दिव्याच्या जिवावर!"

"आठ दिवस थांब. मग पाठव."

"ह्या आठ दिवसांत दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आलं तर?"

"नाही येणार."

"असं कसोटीनं सांगितलं तुला?"

पद्मजा डब्याचं झाकण घट्ट करत राहिली. "त्यानं माझ्या आईला तिच्याच रीतीनं फसवलं. 'बघून घ्या' म्हणाला, कारण ती बघणार नाही हे माहीत होतं. मी त्याला त्याच्या रीतीनं फसवणार. तेवढं झालं की जगाचं काय भलं करायचं ते कर."

"तू त्याच्यासारखीच बोलालीस."

"मग बरोबर शिकले म्हणायचं."

इक्बालनं खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. "आठव्या दिवशी दुरुस्ती पाठवतो. तुझं झालं असू दे नाही तर नसू दे."

*

पद्मजा टेंभुर्णीला तीनदा गेली. पहिल्या दोन खेपांना तिनं बहिणीच्या लग्नाचं सांगून थोडा थोडा माल घेतला आणि पैसे चोख दिले. त्याची बँक कोणती, तिचे मेसेज कसे दिसतात, हे तेवढ्यात कळलं.

दुकान मोठं होतं. काचेची कपाटं, थंडगार हवा, गल्ल्यामागे फुलांचा हार. आईचा आशीर्वाद चांगलाच फळला होता.

तिसऱ्या खेपेला तिच्या खांद्यावरच्या पिशवीत चपात्यांचा डबा होता. तो सकाळपासून तापलेला होता.

"या या ताई!" समाधान गल्ल्यावरून उठला. फोटोतल्यापेक्षा थोडा जाड दिसत होता. "बहिणीचं लग्न ठरलं म्हणायचं शेवटी. ताईंना चहा सांगा रे! नाव काय म्हणालात तुमचं? मागल्या बारी इसरलो."

"मालन," पद्मजा म्हणाली.

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. "जुनं नाव हाय. झ्याक हाय," तो म्हणाला आणि पैंजणांचे ट्रे काढू लागला.

हेही तिनं मनात टिपून ठेवलं. तो नावही विसरला होता.

माल काट्यावर चढला. पद्मजा प्रत्येक जोडाबरोबर आकड्याकडे बघत होती. साडेचार किलोला तिनं हात वर केला.

"अजून घ्या की ताई, लग्नाचं काम. दोन जोड माझ्याकडनं."

"नको. बरोबर एवढीच पाहिजे."

"हिशोबी दिसताय."

"शिकले थोडं विज्ञान."

तिनं फोनवर अंगठा ठेवला आणि पिशवीतल्या डब्याची कळ दाबली. गल्ल्यावरच्या फोनच्या काड्या गेल्या, परत आल्या. टिंग. समाधाननं फोन उचलून रकमेचा आकडा वाचला आणि परत खाली ठेवला.

"आले का?" पद्मजानं विचारलं. "बघून घ्या दादा, खात्यात आलेत का."

"बघतोच. राग मानू नका ताई, पण हल्ली मेसेजवर जायचं दिवस राहिलं न्हाईत. लोक लई हरामखोर झालेत." त्यानं खातं उघडायला घेतलं. चक्र फिरत राहिलं. "ह्या नेटची एक डोकेदुखी. असू दे. आपल्याकडं ही हाय." त्यानं गल्ल्यावरची साबणाएवढी डबी पुढे सरकवली. तिची एक कड त्यानं उघडून पुन्हा चिकटवलेली स्पष्ट दिसत होती. "कसोटी. हुपरीच्या कुण्या पोरीनं काढलीय म्हणं. काय डोकं असंल वो! आम्ही सगळं करून बघितलं, हिला फसवता येत न्हाई."

"सगळं म्हणजे?"

"म्हणजे, असंच, गंमत," तो हसला.

डबीवर हिरवा दिवा होता.

"हिरवा. बास. विषय संपला ताई."

नोकरानं पैंजणं बांधून दिली. पद्मजानं गाठोडं बाजूला ठेवलं, वाकली आणि समाधानच्या पाया पडली.

"अहो, अहो ताई!" तो गडबडला. मग त्याला बरं वाटलं, कारण दुकानातली दोन गिऱ्हाइकं बघत होती. त्यानं हात वर केला. "सुखी ऱ्हावा."

त्याच्या चपलांचा वास तिच्या नाकात बसला. घरी पोचेपर्यंत गेला नाही. तिला तो जायलाही नको होता.

*

मेसेजच्या शेवटी, जिथं पैसे पाठवणाऱ्याचं नाव असतं आणि जिथं कुणी लगेच बघत नाही, तिथं पद्मजानं लिहिलं होतं: मालन शेंडुरे, हुपरी, साडेचार किलो.

गाडी टेंभुर्णीच्या बाहेर पडताच तिनं त्याच्या दुकानातून आलेल्या सगळ्या रेघा, आईच्या फोनमधली रेघ आणि पत्ता सायबर पोलिसांना पाठवला. कोर्टाला चालेल अशी सही करून. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानामागच्या गोदामातून पिशवीतला टॉवर काढला, इतर मालही जप्त केला. त्याला हुपरीच्या ठाण्यात आणलं आणि तिथून फोन आला तो त्याच हवालदाराचा. त्याला हसू आवरत नव्हतं.

"मॅडम, गंमत ऐका. सारखा ओरडतोय, मलाच फसवलंय म्हणून! साडेचार किलो नेली, मेसेज खोटा, तुमची कसोटी खोटी. आम्ही त्याच्या डबीतली नोंद बघितली, तर हिरवा! आता तुम्हीच सांगा, कोण मानणार? मी म्हटलं, बाबा, मेसेजवर विश्वास ठेवायचा नसतो. भायेर बोर्ड लावलाय की."

पद्मजानं त्याच्याकडून ते वाक्य पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. फोन ठेवल्यावर ती खोलीत एकटीच मोठ्यानं हसली. दोन वर्षांनी तिला भूक लागली. सायकल दुकानाशेजारच्या टपरीवर तिनं पोट फुटेपर्यंत मिसळ खाल्ली.

इक्बालनं आठव्या दिवशी दुरुस्ती पाठवली. सोबत एक ओळ होती: कंपनीतून माझं नाव काढ. त्या आठ दिवसांत तापवलेल्या स्फटिकानं आणखी कुणाला फसवलं का, हे पद्मजानं शोधलं नाही. शोधता आलं असतं.

*

पेढीवर सकाळची गर्दी होती. पद्मजानं आईला हाताला धरून गादीसमोर बसवलं आणि गाठोडं सोडलं.

"शेठ, साडेचार किलो. तोलून घ्या."

पायगोंडा शेठनी चष्मा वर केला. "सापडला म्हणं तो! चांदीबी मिळाली?"

"मिळाली नाही. आणली." आणि पद्मजानं सगळं सांगितलं. गरम डबा, हिरवा दिवा, मेसेजच्या शेवटचं नाव, हवालदाराचं वाक्य. पेढीवरची माणसं हातातलं काम सोडून ऐकत होती. मधूनच कुणीतरी मांडीवर थाप मारत होतं.

"वाघीण हाय रे पोरगी!" शेठ म्हणाले. "मालनबाई, सोनं जन्माला घातलंसा!"

मालन म्हणाली, "पाया पडलीस त्याच्या?"

"पडले."

"आशीर्वाद दिला त्यानं?"

"दिला."

"मीबी दिलता," मालन म्हणाली.

माल काट्यावर चढला. साडेचार किलो, आकडा स्थिरावला. शेठनी मान डोलावली, पद्मजानं डोलावली. शेठनी फळीवरचा शिक्का उचलला. दोन वर्षांची धूळ फुंकून टाकली.

मालननं हात पुढे केला तो शिक्क्यासाठी नाही. तिनं काट्यावरचं एक पैंजण उचललं, फासा अंगठ्यानं उलटा केला आणि उजेडाकडे धरला. मग दुसरं उचललं. मग तिसरं.

"हा मासा कुणाचा?"

पद्मजानं वाकून बघितलं. फाश्यावर तांदळाएवढा मासा होता. टेंभुर्णीत तिनं प्रत्येक जोडाचा आकडा बघितला होता. फासा एकदाही उलटून बघितला नव्हता. चांदीच्या घरात जन्मलेल्या पोरीकडून असं व्हायला नको होतं.

"तुझी त्यानं केव्हाच विकली असणार आई. त्यानं आपली नेली, मी त्याची आणली."

"त्याची कुठं हाय ही?" मालन शेठकडे वळली. "यळगूडच्या शेवंताचा मासा हाय. तुमाला ठाऊक हाय शेठ."

शेठ दुसरीकडे बघू लागले.

"शेवंता माझ्या शेजारी बसती घुंगरं ओवायला," मालन म्हणाली. "गेल्या दिवाळीपास्नं. तिचाबी शिक्का उलटा हाय, यळगूडच्या पेढीवर. तिलाबी मावशीच म्हणाला हुता त्यो."

"मालनबाई, एवढं कोण बघतंय?" शेठ हळू आवाजात म्हणाले. "आटवली की चांदी ती चांदी. वजन बरोबर हाय. मला चालतंय. तुमी शिक्का घ्या."

"आई, घे," पद्मजा म्हणाली. तिचा आवाज चढला. "दोन वर्षं घातली मी यात. इक्बाल गेला. शेवंताक्काचं पुढं बघू ना. गोदामातला माल सुटला की—"

"कोर्टातनं?"

गोदामातला माल निकाल लागेपर्यंत पोलिसांकडे राहणार होता, हे इक्बालनं तिला आधीच सांगितलं होतं. समाधानला आत टाकायची घाई तिनंच केली होती. मालनची चांदी आता कुठूनच यायची नव्हती.

मालननं हातातली पैंजणं पदरानं पुसून काट्यावर परत ठेवली.

"शेठ, परत तोला."

काटा पुसणारा गडी जागीच थांबला. शेठनी मालनकडे बघितलं, मग पद्मजाकडे. "आत्ता तर तोलली की. पोरगी समोर बसलीय."

"ती माझ्या नावानं तोललीसा. आता शेवंताच्या नावानं तोला. यळगूडला निरोप धाडा."

टेंभुर्णीच्या त्या चपलांचा वास पद्मजाच्या नाकात पुन्हा आला. तिला उठून जावंसं वाटलं, पण तोल चालू असताना माल आणणाऱ्यानं उठायचं नसतं. तिनं मांडी घट्ट केली.

शेठनी हातातला शिक्का क्षणभर धरून ठेवला. मग तो होता तसा, उलटा, फळीवर ठेवला. पैंजणं उतरवली. काटा शून्यावर आणला. एकेक जोड पुन्हा चढवला.

आकडा तोच आला. मालन मात्र काट्याकडे बघत नव्हती. ती पद्मजाकडे बघत होती.